होमस्टेड कायदा आणि पावसाची रेषा

1862च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना 160 एकर जमीन जवळजवळ फुकट मिळाली म्हणूनच अमेरिकेचा पश्चिम भाग वसला, हे म्हणणे पूर्व नेब्रास्कासारख्या ओलसर पट्ट्यापुरते पटते. परंतु देशाच्या मधोमध उत्तर-दक्षिण जाणाऱ्या 100व्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला, जिथे साधारणपणे वर्षाकाठी 20 इंचही पाऊस होत नाही, तिथे तेवढ्या कोरडवाहू जमिनीवर कुटुंबाचे पोट भरणे कठीणच होते. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी कोरड्या प्रदेशातील जमिनींवरच्या 1878च्या अहवालात नेमके हेच बजावले होते : सिंचनाला पाणी असेल तर 80 एकर पुरेत, गुरे चारायची तर 2,560 एकर हवेत. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ते मानले नाही, आणि नांगरामागोमाग पाऊस येतो या प्रचारावर विसंबून माणसे येत राहिली. लाकूड नव्हते, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीच्या लाद्या कापून त्यांनी भिंती रचल्या आणि चुलीत बायसनचे वाळलेले शेण जाळले. 1890च्या सुमाराच्या दुष्काळात यांतली कितीतरी कुटुंबे सारे सोडून परत फिरली.

शिवाय ही जमीन मोकळी नव्हती. पश्चिम कॅन्ससचा मोठा भाग 1851च्या फोर्ट लॅरमी कराराने शायेन आणि अरापाहो या मूलनिवासी जमातींचा म्हणून मान्य केलेला होता. दहाच वर्षांत दुसऱ्या कराराने तो काढून घेण्यात आला.