बाबांची (वय ७६) महाधमनीची झडप बदलायची आहे. टावी की ओपन हार्ट? सोलापूरकरांचे अनुभव हवेत

सात_रस्त्याची_लेक
नमस्कार. बाबांसाठी विचारते आहे. वय ७६, साखर वीस वर्षांपासून. अशोक चौकाजवळच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे चालत सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचा नेम. दिवाळीपासून तलावाच्या कडेने जाताना दोनदा टेकायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर घेरी येऊन पडले, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं.

टूडी इकोत निघालं: महाधमनीच्या झडपेवर चुना साचून ती आकसली आहे. झडपेचं तोंड ०.७ चौरस सेंटिमीटर, मीन ग्रेडियंट (झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक) ५२, वेग सेकंदाला ४.६ मीटर, पंपिंग ५५ टक्के. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.५. इथले हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, झडप बदलायलाच हवी. छाती उघडून किंवा मांडीतून, म्हणजे टावी. पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन ठरवा.

घरात तीन मतं. भाऊ म्हणतो, या वयात छाती उघडायची नाही. काका म्हणतात, मांडीतून झडप बसवणं हा नवा प्रयोग आहे, आपल्या माणसावर नको. आणि बाबा म्हणतात, उन्हाळा जाऊ दे, मग बघू. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया लिहा. खर्चाचंही सांगा.

होटगी_रोड
ताई, उन्हाळा जाऊ दे हे तेवढं मान्य करू नका ओ. माझ्या मावशीला हाच आजार. तिलाही चक्कर येऊन गेली होती. नातीचं लग्न होऊ दे म्हणाली, आम्हीही ऐकलं. लग्न वैशाखात होतं. ती चैत्रातच गेली, झोपेत. झडपेचं कळलेलं असून आम्ही थांबलो, हे अजून मनातून जात नाही. बाकीचं जाणकार सांगतील, मला एवढंच सांगायचं होतं.

जुळे_सोलापूर_सिस्टर
मी पुण्यात कॅथलॅबमध्ये (जिथे नळी घालून हृदयाच्या तपासण्या आणि उपचार होतात) परिचारिका म्हणून १८ वर्षं काढली, आता जुळे सोलापुरात असते. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे सगळं तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवून विचारून घ्या.

आधी तुमचे आकडे. निरोगी माणसात या झडपेचं तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असतं. १ च्या खाली, ग्रेडियंट ४० च्या वर, वेग ४ च्या वर गेला की आजार तीव्र. बाबा तिन्हींत बसतात, वर घेरीही आलेली. दम लागणं, छातीत दुखणं, घेरी येणं यातलं एकही सुरू झालं आणि झडप बदलली नाही, तर बहुतेकांच्या हाती थोडीच वर्षं राहतात. गोळीने हा चुना विरघळत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी आजार थांबतो का, हे मोठ्या चाचण्यांत पाहून झालंय, थांबला नाही. पाण्याच्या गोळीने, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीने, दम कमी होतो, झडप होती तशीच राहते.

उन्हाळ्याचं तर उलटं आहे. आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो. घामाने अंगातलं पाणी कमी झालं, त्यात पाण्याची गोळी चालू असली की अशा पेशंटचं बीपी धाडकन खाली येतं. आणखी एक: छातीत दुखलं म्हणून शेजारच्यांकडची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. या आजारात ती घातक ठरू शकते.

आता काकांसाठी. पहिली टावी फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी एप्रिल २००२ मध्ये केली. सुरुवातीला ज्यांना सर्जन हातच लावत नसत अशांनाच ती करायचे. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१९ मध्ये कमी धोक्याच्या पेशंटवरच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या आणि त्यातही टावी ओपन सर्जरीच्या बरोबरीने उतरली. आता आपल्याकडे वापीची मेरिल कंपनीसुद्धा ही झडप बनवते. प्रयोगाचे दिवस केव्हाच मागे पडले.

करतात कसं ते सांगते, कारण भीती बहुधा न कळल्याचीच असते. मांडीच्या सांध्यातल्या धमनीत सुई घालून नळी सरकवतात. नवी झडप धातूच्या जाळीत शिवलेली असते. ती चेपून नळीवर बसवलेली असते आणि उलट दिशेने हृदयापर्यंत नेतात. एका प्रकारात जाळी फुग्याने फुलवतात. फुगवताना झडप हलू नये म्हणून हृदयाचे ठोके काही सेकंद मुद्दाम खूप वाढवतात. दुसऱ्या प्रकारात जाळी आवरणातून बाहेर काढली की आपोआप उघडते. जुनी झडप काढत नाहीत, तिला भिंतीकडे दाबूनच नवी बसते. बऱ्याच ठिकाणी पूर्ण भूलही देत नाहीत. दुसऱ्या दिवशी चालायला लावतात आणि काही अडचण नसेल तर तीन-चार दिवसांत घरी.

झडपेचे पडदे गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरच्या आवरणाचे असतात. बाबांना हे आधी सांगा. नंतर कळल्यावर मनाला लावून घेणारे लोक मी पाहिलेत. ओपनमध्ये बसवतात त्या जैविक झडपाही प्राण्यांच्याच ऊतीच्या असतात.

पण टावी होईल की नाही हे इको ठरवत नाही, सीटी ठरवतो. झडपेच्या कड्याचं माप, चुना कुठे किती, हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडं किती उंचीवर, मांडीची धमनी पुरेशी रुंद आहे का, झडपेला तीन पाकळ्या आहेत की जन्मतः दोनच, हे सगळं त्यात दिसतं. बाबांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे आणि सीटीच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधाचा, म्हणजे डायचा, भार मूत्रपिंडावर येतो, म्हणून तारीख घेतानाच तसं सांगा. साखरेची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती कधी थांबवायची तेही विचारा.

धोके लपवत नाही. झडपेलगत हृदयाची वायरिंग जाते. ती दाबली गेली तर कायमचा पेसमेकर लागतो, आणि हे ओपनपेक्षा टावीत जास्त दिसतं. पक्षाघाताचा धोका थोडा पण खरा. कडेने थोडी गळती राहू शकते, मांडीची धमनीही दुखावू शकते. म्हणून कुठेही गेलात तरी विचारा: तुमच्याकडे वर्षाला किती टावी होतात? अडचण आली तर हृदयाचे सर्जन त्याच इमारतीत असतात का? हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून बाबांचे कागद पाहिले का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर मी तिथून उठले असते.

बाळीवेस_५१
ओपन म्हटलं की सगळे घाबरतात, म्हणून लिहितो. माझं ऑपरेशन ५१ व्या वर्षी झालं. झडपेला जन्मापासून दोनच पाकळ्या होत्या आणि महाधमनीही फुगलेली. मला टावी नको असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. धातूची झडप बसवली, महाधमनीचा फुगलेला भागही त्याच वेळी बदलला. छातीचं हाड जुळेपर्यंत दोन-अडीच महिने कडक पथ्य होतं, गाडी नाही, वजन नाही. आज दुकानात आठ तास उभा असतो.

धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, २ ते ३ च्या मध्ये ठेवावा लागतो. मेथी-पालक सोडली नाही, फक्त रोज साधारण सारखीच खातो. जैविक झडप साधारण १० ते १५ वर्षं टिकते, म्हणून तरुण माणसाचं गणित वेगळं. ताई, ७६ व्या वर्षी मी कदाचित टावीच निवडली असती. पण सोबत बायपास करायची वेळ आली तर सर्जन ओपन सुचवतील. तेव्हा अँजिओग्राफी होईपर्यंत घरात मतदान घेऊ नका.

शेंगाचटणी_कडकभाकरी
पैशाचं मी सांगते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंची टावी पुण्यात झाली. सगळं मिळून वीस लाखांच्या आसपास गेलं, त्यातला मोठा वाटा एकट्या झडपेचा. एका ठिकाणी आम्हाला तोंडी एक आकडा सांगितला आणि भरतीच्या दिवशी पेसमेकर वेगळा, आयसीयू वेगळा असं निघालं. तिथून परत आलो. दुसरीकडे लेखी अंदाजपत्रक मागितलं: झडपेची कंपनी आणि किंमत, पेसमेकर लागला तर किती, मुक्काम वाढला तर दिवसाला किती. कागद हातात असला की रात्री झोप लागते.

बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणजे उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं. ते आजच काढा. टावी त्यात किंवा महात्मा फुले योजनेत धरतील का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून विचारा. छाती उघडून झडप बदलणं महात्मा फुले योजनेत बसतं. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज ऑपरेशनच्या आधीच टाका. आमचा उशिरा गेला, उपयोग झाला नाही. आणि धर्मादाय रुग्णालय असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा.

सात_रस्त्याची_लेक
सगळ्यांचे आभार. होटगी रोड दादा, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तिकीट काढ.

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो. अँजिओग्राफीत ब्लॉक किरकोळ निघाले, बायपास नको. सीटीत झडपेला तीन पाकळ्या, उजव्या मांडीची धमनी ७ मिलिमीटर. हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी समोर बसून समजावलं. वय, साखर आणि मूत्रपिंड पाहता टावी, असं दोघांचं एकच मत पडलं. सिस्टर, तुमचे तिन्ही प्रश्न मी वहीत लिहून नेले होते. एकाही प्रश्नाला ते चिडले नाहीत. झडपेच्या पडद्यांचंही बाबांना सांगितलं. ते म्हणाले, देवाला मी सांगतो.

आधी दातांची तपासणी सांगितली होती. दोन किडलेल्या दाढा काढल्या, कारण तोंडातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. पुढेही दाताचं काही काम असलं की आधी अँटिबायोटिक घ्यायचं आहे. तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली. डॉक्टरांना बाबांनी एकच विचारलं, तलावापर्यंत चालत कधी जाता येईल. ते म्हणाले, मांडीची जखम भरली की हळूहळू सुरू करा.

आता एक मदत हवी. आई, मी आणि भाऊ तिघं सोबत असू. पुणे स्टेशनच्या आसपास आठवडाभर राहायला, आईला जिने चढावे लागणार नाहीत अशी जागा कुणाला माहीत आहे का?

शेंगाचटणी_कडकभाकरी
माझी नणंद स्टेशनजवळ तळमजल्यावर राहते, एक खोली रिकामी आहे. आईंना तिथेच ठेवा. निरोप पाठवते, आज रात्री फोनवर बोलू. सोबत मऊ भाकरीचं पीठ घेऊन या, पुण्यात हवं तसं मिळत नाही.