‘तुरळक ठिकाणी मुसळधार’: हवामान खात्याने भाषा बदलावी की आपण ती शिकावी?

बांधावरून
‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता.’ पावसाळ्यात अशी ओळ रोज गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरते. तिच्यात तीन वेगवेगळी मापं आहेत आणि वाचणाऱ्याला त्यातलं एकही दिसत नाही.

‘तुरळक ठिकाणी’ हे जागेचं माप. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रं. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, त्यापुढे सर्वदूर. ‘मुसळधार’ हे २४ तासांतल्या एकूण पावसाचं माप, ६४.५ ते ११५.५ मिमी. आणि ‘शक्यता’ हे खात्रीचं माप. खात्याच्या इंग्रजी पत्रकाखालच्या तक्त्यात साध्या शक्यतेला २५ ते ५० टक्के धरतात, त्याच्या वरच्या पायरीला ५० ते ७५. म्हणजे नुसती ‘शक्यता’ लिहिली असेल तर पाऊस न होण्याकडेच पारडं झुकलेलं असतं! शेतकरी मात्र वाचतो, ‘उद्या धो धो येणार.’ आणि फवारणी पुढे ढकलतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ही परिभाषा खात्याने आपल्यापाशी ठेवावी. शेतकऱ्याचे प्रश्न तीनच असतात: पेरणीजोगी ओल होईल का, वापसा (रान कामाजोगं सुकणं) कधी येईल, उघडीप किती मिळेल. अंदाज त्याच शब्दांत द्या. झड, भिजपाऊस, वळीव, बुरबुर असा सगळा शब्दसाठा तयार आहे.

पर्जन्यमापी
साफ असहमत. ओल आणि वापसा या जमिनीच्या गोष्टी आहेत, आकाशाच्या नाहीत. ४० मिमी पाऊस मुरमाड रानात पडला तर लवकर वापसा येतो. तोच भारी काळ्या रानात पडला तर कितीतरी दिवस पाय घालता येत नाही. एका जिल्ह्यात दोन्ही रानं असतात. मग खात्याने ‘परवा वापसा’ असं कुणाच्या रानाकडे बघून सांगायचं? ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो ते याचमुळे. मिलिमीटर सगळ्यांना एकच असतो.

लोकांचा शब्द उचलल्यावर काय होतं याचा नमुना तर तुमच्याच ओळीत आहे. ‘मुसळधार’ ऐकलं की डोळ्यांसमोर पावसाचा जोर येतो. खात्याचा शब्द मात्र दिवसभराची बेरीज सांगतो. ७० मिमी पाऊस २४ तास सारखा झिरपत राहिला तर ताशी ३ मिमीसुद्धा होत नाही, तरी तो मुसळधारच. उलट तासाभरात ५० मिमी कोसळला, ओढा बांधावरून गेला आणि पुढे दिवसभर ऊन पडलं, तर वर्गवारीत तो ‘मध्यम’, कारण मध्यमची मर्यादा १५.६ ते ६४.४ आहे. खात्याने ‘श्रेणी ४’ म्हटलं असतं तर निदान गैरसमज झाला नसता. कळलं नाही एवढंच झालं असतं.

उपसंपादक
दोघेही खऱ्या आरोपीला सोडून भांडताय. पत्रकात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असतं. मथळ्यात जागा नसते म्हणून ‘ठिकाणी’ पहिल्यांदा उडतं. एका पेपरात ‘विदर्भात मुसळधार’ छापून येतं, दुसऱ्यात ‘तुरळक पाऊस’. दोन्ही चूक, आणि एकमेकांच्या उलट चूक. तुरळक हे विशेषण पावसाचं नाही, ठिकाणांचं आहे, एवढं जरी वृत्तकक्षात पाळलं तरी अर्धी तक्रार मिटेल.

‘ढगफुटी’चं तर विचारूच नका. लहानशा भागात, साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरवर, तासाभरात १०० मिमीच्या आसपास पाऊस झाला तर ती ढगफुटी. आमच्याकडे नाला भरला की ढगफुटी. शिवाय तासाची नोंद करणारं यंत्र गावात नसेल तर १०० मिमी झाला हे मोजलं कुणी?

सातबारा
इथे पैशाची बाजू कुणी काढली नाही, म्हणून लिहितो. महसुलाच्या लेखी महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस म्हणजे ‘अतिवृष्टी’. त्यावर पंचनामे, आणि ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मदत. म्हणजे खात्याच्या ‘मुसळधार’चा खालचा काठ आणि महसुलाची ‘अतिवृष्टी’ जवळपास एकच. पण अतिवृष्टी म्हटल्यावर वाचणाऱ्याला खात्याची सगळ्यात वरची पायरी वाटते, ती तर २०४.४ मिमीच्या पुढची आहे.

२६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला ७३ च्या आसपास. नुसता ६५ चा आकडा लावला तर दोन्ही ‘अतिवृष्टी’. शब्द एकच, आणि त्याखाली जवळपास तेरा पटींचा फरक.

अजून एक खाच. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पहाटे साडेपाचला सुरू झालेला पाऊस साडेअकराला थांबला आणि एकूण ८० मिमी झाला, तर ४० कालच्या खात्यावर, ४० आजच्या. अशा नोंदीत दोन्ही दिवस ६५ च्या खाली. रान वाहून गेलं तरी कागदावर दोन दिवस मध्यम पाऊस. एवढ्या काठावर माणसं उभी असताना भाषा सैल करा म्हणणं परवडणारं नाही.

बांधावरून
@सातबारा, तुम्ही नोंद आणि अंदाज यांची गल्लत करताय, दादा. पंचनामा झालेल्या पावसाच्या नोंदीवर होतो, अंदाजावर नाही. अंदाजाची भाषा बदलली म्हणून कुणाची मदत बुडत नाही. नोंदवहीत दशांश ठेवा, माझी हरकत नाही.

@पर्जन्यमापी, जमिनीचा मुद्दा मान्य. ‘वापसा’ मागे घेतो. ‘उघडीप’ मात्र आकाशाचीच आहे ना? ‘पुढचे तीन दिवस उघडीप’ यात खात्याला अडचण काय?

पर्जन्यमापी
अडचण अशी की थेंबही नाही ती उघडीप, की काम चालेल इतकी भुरभुर झाली तरी उघडीप? खात्याच्या हिशेबात २.५ मिमी झाला तरच तो पावसाचा दिवस. २ मिमी पडला तर दिवस कोरडा, पण नुकतीच केलेली फवारणी धुऊन जायला तेवढा पुरे. उघडीपला आकडा लावा, मग खुशाल वापरा.

सातबारा
गल्लतीचं म्हणणं मान्य. पण लोकांचा शब्द आणि आकडा यांची सोयरीक होऊ शकते याचं उदाहरण महसुलातच आहे. झडीने पिकं पिवळी पडायची, मुळं कुजायची, पण एकाही दिवशी ६५ ओलांडला नाही म्हणून ते नुकसान अतिवृष्टीत बसत नसे. २०२३ मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली. एक निकष असा: सलग पाच दिवस, रोज किमान १० मिमी. बोलण्यातला शब्द आहे, पण आता तलाठ्याला तो मोजता येतो.

बांधावरून
हेच तर मी म्हणतोय!

पर्जन्यमापी
नाही हो. तुम्ही आकडा काढायला निघाला होता.

उपसंपादक
बरं, मग मथळ्यात नाही तरी बातमीत छापता येईल अशी ओळ इथेच ठरवू. माझा मसुदा: ‘उद्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत विदर्भातल्या चारांतल्या फार तर एका गावात ६५ मिमीच्या वर पाऊस होऊ शकतो; तसं घडण्याची शक्यता निम्म्याहून कमी. भारी जमिनीत आंतरमशागत टाळावी.’

पर्जन्यमापी
दोन दुरुस्त्या. ‘गावात’ काढा, ‘केंद्रावर’ लिहा. एका केंद्राच्या आसपास बरीच गावं असतात आणि त्यातल्या दोन गावांतही पाऊस सारखा पडत नाही. शेवटचं वाक्यही विदर्भाच्या ओळीत नको. ते जिल्ह्याच्या कृषी हवामान सल्ल्यातून घ्या. तो मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, त्यात पीक आणि जमीन धरलेली असते.

बांधावरून
‘केंद्रावर’ लिहिलंत की गावातला माणूस ते आपल्यासाठी नाही म्हणून सोडून देईल. ‘चार पर्जन्यमापकांपैकी फार तर एकावर’ लिहा. मंडळाचा पर्जन्यमापक कुठे बसवलाय ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं.