शब्द हवा आहे: ‘लेगसी’ म्हणजे वारसाच का?

प्रश्न:
जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी असते. आमचं मंडळ त्या दिवशी फूड बँकेत धान्याची पाकिटं भरायला जातं. मूळ पत्रकात आहे ‘ऑनरिंग द लेगसी’. मी लिहिलं, ‘अहिंसक नेते डॉ. किंग यांच्या वारशाचा सन्मान’. आईला फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाली, “सत्कार कुणाचा आहे?” काय लिहू? आणि ‘सिव्हिल राइट्स’ला ‘नागरी हक्क’ चालेल ना?

प्रतिसाद:
आईंना बरोबर खटकलं. सन्मान म्हटला की शाल-श्रीफळ आलंच. वारसा जपतात, सांगतात, चालवतात, नाहीतर उधळतात. ‘वारसा चालवू या’ लिहा. मात्र ‘जयंती’ लिहू नका. त्यांचा जन्म १५ जानेवारीचा, सुट्टी सोमवार पाहून पडते.

प्रतिसाद:
नोकरी महसूल खात्यात गेली, त्यामुळे ‘वारस’ म्हटलं की मला फेरफार आणि सातबाराच दिसतो. शब्द मुळात अरबी. वारसाला करावं काहीच लागत नाही. वडील गेले, नोंद झाली, जमीन नावावर. किंग यांच्या मागे राहिलेलं असं आपसूक नावावर होणारं नाही. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध १९५५-५६ मध्ये कृष्णवर्णीय लोकांनी किंग यांच्या नेतृत्वाखाली ३८१ दिवस शहराच्या बसवर बहिष्कार टाकला. कितीतरी जण रोज पायी कामावर जात.

याला आपल्याकडे ‘वसा’ आहे. कहाणीतलं आठवा: “तुला वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील.” “उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही.” मागावा लागतो, आणि देणारा आधी बजावतो. १९६३ साली अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या आंदोलनात उतरणाऱ्यांकडून किंग यांची माणसं एका कार्डावर सही घेत. त्यावर दहा नियम होते. एक असा की मुठीने, जिभेने किंवा मनाने हिंसा करणार नाही. मनानेसुद्धा! वसा नाहीतर काय हा?

प्रतिसाद:
पटलं, पण ‘वसा’ फ्लेक्सवाल्यांनी पार झिजवलाय. ‘समाजसेवेचा वसा घेतलेले आमचे लाडके भाऊ’ आमच्या चौकात बारा महिने लटकलेले असतात.

प्रतिसाद:
भाऊंमुळे शब्द का सोडायचा?

‘नागरी’बद्दल. नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक यांत तो ‘शहरी’ होतो, त्यामुळे क्षणभर अडखळायला होतं. तरी ‘नागरी हक्क’च ठेवा. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा १९७६ मध्ये ‘नागरी हक्क संरक्षण’ या नावाचा झाला. म्हणजे आपल्याकडे या दोन शब्दांत पाणवठा, देऊळ, हॉटेलातला कप हे सगळं आहे, चवदार तळं आहे. किंग ज्यासाठी लढले तेही बसमधली जागा, उपाहारगृहातलं टेबल, मतपेटी. इतका नेमका जुळणारा प्रतिशब्द क्वचित सापडतो.

प्रतिसाद:
माझा आक्षेप ‘अहिंसक’ला. अहिंसक म्हटलं की कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. हीच अडचण गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत आली होती. ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ला, म्हणजे निष्क्रिय प्रतिकाराला, दुसरा शब्द हवा म्हणून त्यांनी आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रात बक्षीस जाहीर केलं. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला, त्याचा गांधीजींनी ‘सत्याग्रह’ केला. तो इंग्रजीत समजावताना ते ‘सोल फोर्स’ म्हणत. किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात हेच दोन शब्द येतात, शरीरबळाला आत्मबळाने सामोरं जाण्याबद्दल. १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा ते मुंबईत मणिभवनात, गांधीजींच्या जुन्या मुक्कामी, राहिलेही होते. सरळ ‘सत्याग्रही’ लिहा की.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. पत्रक असं गेलं: ‘नागरी हक्कांसाठी लढलेले सत्याग्रही डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा वसा चालवू या. सोमवारी सकाळी ९ वाजता. हातमोजे आणावेत.’ आईला पुन्हा वाचून दाखवलं. तिने विचारलं, “उद्यापन कधी?”