जुना एक्सबॉक्स ३६० वाय-फायला जोडायचाय, बजेट दीड हजार

रिकामा_स्लॉट:
एक्सबॉक्स ३६०, जुनं जाडं मॉडेल, स्लिम नाही. राउटर हॉलमध्ये, टीव्ही आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. घर भाड्याचं, त्यामुळे भिंतीला भोक पाडता येत नाही आणि दारातून वायर ओढायला घरचे तयार नाहीत. यूएसबीला साधा वाय-फाय डोंगल लावला तर कन्सोल त्याला ओळखतच नाही. मायक्रोसॉफ्टचा मूळ अडॅप्टर सेकंडहँड मिळतोय, पण भाव अव्वाच्या सव्वा. घरात टीपी-लिंकचा जुना ८४१एन राउटर पडून आहे, एक लॅपटॉपही आहे. मुख्य राउटर फायबरवाल्यांनी दिलेला, दोन्ही बँड एकाच नावाने चालतात. यातून काय जमेल?

तांब्याची_तार:
डोंगलचा नाद सोडा. कन्सोलमध्ये त्याचे ड्रायव्हरच नाहीत आणि बाहेरून टाकताही येत नाहीत, मग डोंगल कुठल्याही कंपनीचा असो. पण मागे १०० एमबीपीएसचा लॅन पोर्ट आहे ना? वाय-फाय पकडायचं काम दुसऱ्या डब्याला द्या आणि त्यातून हातभर केबल कन्सोलला. कन्सोलला वाटतं आपण वायरवरच आहोत, त्याच्यात काही सेटिंग करावं लागत नाही.

हा डबा तुमच्याकडे फुकटात आहे. ८४१एनच्या जुन्या आवृत्त्यांत डब्ल्यूडीएस ब्रिजिंग, म्हणजे दोन राउटर वाय-फायने एकमेकांना जोडायची सोय, असतं (नव्यांत थेट रेंज एक्सटेंडर मोड मिळतो, तो असेल तर तोच निवडा). क्रम मात्र चुकवू नका.

आधी मुख्य राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी करा, कारण ८४१एनला फक्त २.४ दिसतो. तिथेच चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ वर पक्का करा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२, एईएस ठेवा. डब्ल्यूपीए३ या जुन्या डब्याला कळत नाही. एईएसऐवजी जुनं टीकेआयपी ठेवलंत तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

मग लॅपटॉप केबलने ८४१एनला जोडा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर ८४१एनचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा. वायरलेसच्या पानावर डब्ल्यूडीएस चालू करून सर्व्हे (आसपासची नेटवर्क शोधायचं बटण) दाबा, आपलं नेटवर्क निवडा, पासवर्ड टाका, चॅनेल मुख्य राउटरचाच ठेवा. ८४१एनचं डीएचसीपी (यंत्रांना आयपी पत्ते आपोआप वाटणारी सोय) सगळ्यात शेवटी बंद करा, ते काम मुख्य राउटर करेल. आधीच बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि सेटिंगच्या पानावर परत शिरायला हाताने आयपी भरावा लागेल. कन्सोलची केबल पिवळ्या लॅन पोर्टमध्ये, निळ्या वॅनमध्ये (इंटरनेटच्या पोर्टमध्ये) नाही.

रिकामा_स्लॉट:
सगळं केलं. सर्व्हेत नेटवर्क दिसतं, जोडल्याचंही दाखवतं. पण कन्सोलचा आयपी १६९.२५४ ने सुरू होतो आणि टेस्ट तिथेच अडते.

चॅनेल_अकरा:
१६९.२५४ म्हणजे डीएचसीपीकडून उत्तरच आलं नाही, कन्सोलने स्वतःच पत्ता घेतला. कन्सोल बाजूला ठेवा. लॅपटॉप ८४१एनला केबलने जोडा, त्याचं वाय-फाय बंद करा, हाताने १९२.१६८.१.५० भरा आणि १९२.१६८.१.१ ला पिंग करा (म्हणजे तिथून उत्तर येतं का बघा). उत्तर आलं तर ब्रिज ठीक आहे, डीएचसीपीत गोंधळ आहे. कन्सोललाही असाच मोकळा पत्ता हाताने द्या, गेटवे आणि डीएनएस दोन्हीकडे १९२.१६८.१.१. उत्तर नाही आलं तर दोन राउटरांचं डब्ल्यूडीएस जमत नाही.

हे बरेचदा होतं. साध्या वाय-फाय क्लायंटच्या (राउटरला जोडलेल्या यंत्राच्या) फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या पाकिटात, तीनच पत्ते असतात, त्यामुळे त्याच्या पाठीमागे केबलवर कोण बसलंय हे मुख्य राउटरला कळत नाही. डब्ल्यूडीएस चौथा पत्ता वापरतं, पण ते प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने केलेलं आहे. अशा वेळी राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा लॅन पोर्ट असलेला एक्सटेंडर घ्यावा, उदाहरणार्थ टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूए८५०आरई. राउटरवर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायचं बटण) दाबा, दोन मिनिटांच्या आत एक्सटेंडरवर दाबा, झालं. ‘एक्सटेंडरने वेग अर्धा होतो’ हे त्याच्या वाय-फायवर बसणाऱ्या फोनांसाठी खरं आहे, कारण तेव्हा तोच रेडिओ ऐकतो आणि बोलतो. केबलवरच्या कन्सोलला ती झळ लागत नाही.

जागा नीट निवडा! टीव्हीच्या मागे सॉकेट असतो म्हणून लोक तिथेच खुपसतात आणि मग पडदा, पत्र्याचं कपाट, काँक्रीटची भिंत सगळं आडवं येतं. एक्सटेंडर दाराजवळच्या सॉकेटमध्ये लावा आणि तिथून पाच मीटरची कॅट-५ई केबल कडेकडेने कन्सोलपर्यंत आणा. खोलीतल्या खोलीत वायर असल्याने घरचेही बोलणार नाहीत.

तांब्याची_तार:
एक्सटेंडर येईपर्यंत लॅपटॉपवर भागवा: तो वाय-फाय पकडेल आणि केबलने कन्सोलला देईल. विंडोजमध्ये नेटवर्क कनेक्शन्स, वाय-फायचे प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब, तिथे परवानगीची खूण करून इथरनेट निवडा. इथरनेटला १९२.१६८.१३७.१ मिळतो आणि कन्सोलला पत्ता आपोआप जातो. ‘ब्रिज कनेक्शन्स’ करू नका, बहुतेक वाय-फाय कार्डांना तेच वरचं तीन पत्त्यांचं दुखणं आहे.

यात नॅट (अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे ठेवणारा थर) मात्र दुहेरी होतं, त्यामुळे कन्सोल नॅट ‘स्ट्रिक्ट’ दाखवेल: डाउनलोड चालेल, मित्राच्या पार्टीत शिरणं अडेल. एक्सटेंडरने हा दुसरा थर जातो. त्यानंतरही स्ट्रिक्टच राहिलं तर राउटरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर फायबर कंपनीनेच आपल्या बाजूला नॅट लावलंय, मग तुम्ही राउटरमध्ये एक्सबॉक्सचा यूडीपी ३०७४ पोर्ट कितीही उघडा, उपयोग नाही. आणि टेस्टमध्ये एमटीयूची (डेटाच्या एका पाकिटाच्या कमाल आकाराची) चूक आली तर राउटरचा आकडा तपासा. एक्सबॉक्स लाइव्हला किमान १३६४ लागतो, पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने चालणाऱ्या कनेक्शनवर) साधारण १४९२ असतो.

चॅनेल_अकरा:
पैसे घालण्याआधी एक. ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं. आधी विकत घेतलेले गेम अजून उतरवता येतात, नवे घेता येत नाहीत. लॅपटॉपवरून जोडलंत की सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली डाउनलोड हिस्टरी उघडून बघा. यादी रिकामी असेल आणि फक्त डिस्कवरच खेळायचं असेल, तर अपडेट घ्यायला लॅपटॉप पुरेल, एक्सटेंडर नको.