मदत हवी आहे: ग्रिझलब्रँड की शिओल्ड्रेड? लवकर सांगा

निशाचर_रेवा: मॅजिक द गॅदरिंग (कार्डांचा खेळ) खेळणाऱ्यांनो, दोन लेजेंडरी (खास पात्रांची कार्डं) आहेत माझ्याकडे, ग्रिझलब्रँड आणि शिओल्ड्रेड, दोन्ही काळे. डेकचा म्होरक्या कोणाला करू? दोन्ही भारी आहेत हे मला माहितीये, ते सांगू नका, जास्त पॉवरफुल कोण तेवढं सांगा. आजच डेक लावायचाय.

जुना_खेळाडू: फॉरमॅट कुठला? कमांडर, म्हणजे एका लेजेंडरीला म्होरक्या करून खेळायचा प्रकार, खेळत असाल तर प्रश्नच मिटला, ग्रिझलब्रँड तिथे 2012 पासून बॅन आहे.

निशाचर_रेवा: बॅन? कार्डावर तर काही लिहिलेलं नाही.

जुना_खेळाडू: कार्डावर कसं लिहिणार ताई, बॅनची यादी वेगळी असते. किती जण खेळता, लाइफ किती, डेक किती कार्डांचा?

निशाचर_रेवा: चौघं. 40 लाइफ, शंभर कार्डं. हे सगळेच असं खेळतात ना?

माना_नाही_मिळाला: सगळे नाही खेळत, म्हणूनच विचारतात. 😄 असो, म्हणजे कमांडरच. ग्रिझलब्रँड 8 मानाचा (माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत) 7/7 (ताकद 7, सहनशक्ती 7), फ्लाइंग (उडतो), लाइफलिंक (जेवढं मारतो तेवढी लाइफ आपल्याला), पण खरी गंमत शेवटच्या ओळीत आहे, 7 लाइफ द्या आणि 7 कार्डं घ्या, टॅप (कार्ड आडवं करणं) नाही माना नाही, कितीही वेळा. 40 लाइफवर पाचदा, म्हणजे 35 कार्डं हातात आणि तरी 5 लाइफ शिल्लक. आणि तो म्होरक्या असला की डेकमध्ये शोधायलाही लागत नाही. बॅन उगाच नाही केला.

गॉब्लिन_सम्राट: आमच्या ग्रुपमध्ये बॅन-बिन कोणी मानत नाही. चौघांची हरकत नसेल तर बिनधास्त खेळा, रूल झीरो (सगळ्यांच्या संमतीने नियम बदलायची मुभा) कशासाठी आहे?

जुना_खेळाडू: रूल झीरो म्हणजे आधी बसून बोलून घ्यायचं, टेबलावर आपटून मग सांगायचं नाही. आणि अशी 35 कार्डं ओढणाऱ्यासमोर बाकीचे तिघं करणार काय, टाळ्या वाजवणार?

कार्डवेडा_मंदार: माझी साधी फुटपट्टी सांगतो. लेजेंडरी आला आणि लगेच कोणी त्याच्यावर स्वोर्ड्स टू प्लावशेअर्स (क्रीचर, म्हणजे लढणारं पात्र, खेळातून काढणारं कार्ड) मारलं, एक पांढरा माना, खेळ खलास, तर तुमच्या हातात काय उरलं? ग्रिझलब्रँड असेल तर त्याच क्षणी लाइफ देऊन कार्डं घेता येतात, म्हणजे तो मेला तरी पैसे वसूल. शिओल्ड्रेडचं तसं नाही, ती टिकली तरच कमाई, विरोधकाने ओढलेल्या प्रत्येक कार्डामागे त्याची 2 लाइफ. पण 4 मानात येते, त्यामुळे कमांडर टॅक्स (म्होरक्या पुन्हा आणताना दर वेळी 2 माना जास्त) धरून दुसऱ्यांदा 6, तिसऱ्यांदा 8, म्हणजे तिसऱ्यांदासुद्धा ग्रिझलब्रँडच्या पहिल्या किमतीत. म्हणून शिओल्ड्रेड.

माना_नाही_मिळाला: +१. तिच्यासोबत हाउलिंग माइन (प्रत्येकाला दर टर्नला एक जास्तीचं कार्ड देणारं) टाका, विरोधक नुसता आपल्या टर्नला दोन कार्डं ओढतो आणि 4 लाइफ जातात. व्हील ऑफ फॉर्च्यून मिळालं तर सगळ्यांना सात कार्डं, प्रत्येक विरोधकाचे 14.

कार्डवेडा_मंदार: व्हील ऑफ फॉर्च्यून लाल आहे हो. म्होरक्या नुसता काळा असेल तर लाल कार्ड डेकमध्ये चालतच नाही. त्यापेक्षा पीअर इन्टू द अबिस, काळंच आहे, विरोधकाला अर्धी लायब्ररी (न ओढलेल्या कार्डांचा गठ्ठा) ओढायला लावा आणि त्याला निरोप द्या.

निशाचर_रेवा: तुम्ही काय बोलताय मला कळत नाहीये. 4 मानाची कुठे आहे ती, 7 ची आहे. आणि कार्डं ओढण्याबद्दल त्यावर एक अक्षर नाही.

जुना_खेळाडू: घ्या! म्हणजे ‘व्हिस्परिंग वन’ आहे, 2011 ची. हे सगळे 2022 च्या ‘द एपोकॅलिप्स’बद्दल बोलतायत. पूर्ण नाव आधी लिहिलं असतं तर एवढी टाइपिंग वाचली असती.

निशाचर_रेवा: शिओल्ड्रेड म्हटलं की शिओल्ड्रेड. मला काय माहिती चार-चार असतात.

अवांतर_काका: चार नाही, तीन. 2023 मध्ये अजून एक आली. पूर्ण नावं वेगळी असल्यामुळे तिन्ही एकाच वेळी तुमच्या टेबलावर बसू शकतात. पूर्वी तर एकाच नावाचे दोन लेजेंड समोरासमोर आले की दोन्ही मरायचे, कोणाचे का असेनात, 2013 ला ते बदललं, आता प्रत्येकाने फक्त आपापलं बघायचं. जुना नियम जास्त मजेशीर होता असं माझं मत. आणि चमकणारं फॉइल कार्ड असेल तर स्लीव्हमध्ये ठेवा, दमट हवेत वाकतं.

गॉब्लिन_सम्राट: दोन्ही सोडा, अट्राक्सा ग्रँड युनिफायर घ्या. आल्या आल्या वरची दहा कार्डं उघडते आणि प्रत्येक प्रकाराचं एक हातात.

निशाचर_रेवा: माझ्याकडे अट्राक्सा नाही. दोनच आहेत. दोन.

कार्डवेडा_मंदार: बरं, मग व्हिस्परिंग वन नव्याने बघू. 7 मानाची 6/6. प्रत्येक विरोधकाच्या अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला) त्याने आपलं एक क्रीचर सॅक्रिफाइस करायचं (बळी द्यायचं), म्हणजे एका फेरीत समोरची तीन क्रीचर गेली, आणि तुमच्या अपकीपला तुमच्या ग्रेव्हयार्डातून (मेलेल्या, वापरलेल्या कार्डांच्या ढिगातून) एक परत. पूर्ण फेरी टिकली तर खेळ फिरवते. पण समोर टोकनवाला (छोटी छोटी क्रीचर बनवणारा) असेल तर तो दर वेळी एक फुटकळ टोकन देऊन मोकळा होतो. आणि मेली की पुढच्या वेळी 9, मग 11. त्यामुळे तिच्यावर सगळा भार टाकू नका, तिच्याशिवायही चालेल असा डेक लावा, एन्टूम (कार्ड ग्रेव्हयार्डात टाकणारं), ॲनिमेट डेड (तिथून परत आणणारं) वगैरे घालून.

गॉब्लिन_सम्राट: आणि मग ग्रेव्हयार्डातून ग्रिझलब्रँड!

जुना_खेळाडू: अरे तो डेकच्या शंभर कार्डांतसुद्धा बॅन आहे. नुसता म्होरक्या म्हणून नाही.

निशाचर_रेवा: ठीक आहे, शिओल्ड्रेड. स्वॅम्प (काळा माना देणारी लँड कार्डं) किती टाकू?

माना_नाही_मिळाला: साधारण 36 ते 38 लँड. पण बाकीची माना देणारी आर्टिफॅक्ट किती आहेत ते आधी सांगा.