अंडरडॉगला मराठीत काय म्हणाल?

अनुवादवाली: १९८३च्या विश्वचषकावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. त्यात भारताला चार-पाचदा ‘अंडरडॉग’ म्हटलंय. मी बिनधास्त ‘लिंबूटिंबू संघ’ लिहिलं, तर बाबांनी थेट काट मारली. "कपिलचा संघ लिंबूटिंबू? लॉर्ड्सवर विंडीजला १४०त गुंडाळलं ते काय लुटुपुटूचं होतं?" पेपरात झिम्बाब्वे, केनियाला सर्रास लिंबूटिंबू म्हणतात. मग इथेच काय बिघडलं?

टप्पा_आउट: बाबा बरोबर आहेत. लिंबूटिंबू म्हणजे खेळायला घेतलेला, पण धरायचा नाही असा. चाळीत तो मान माझा होता. तीनदा दांडी उडाली तरी आउट नाही, लपाछपीत सापडलो तरी राज्य नाही. एकदा ताईच्या वर्गातल्या दांडगोबाचा झेल घेतला, तर "लिंबूटिंबूचा कॅच धरत नाहीत" म्हणून तो बॅट घेऊन उभाच! कपिलने मागे धावत रिचर्ड्सचा घेतला, तो धरला ना?

शुद्धमती: ‘उपेक्षित संघ’ हा चांगला मराठी शब्द असताना ही चाळीतली भाषा कशाला?

खडूस: उपेक्षित म्हटलं की अनुदान अडलेली शाळा आठवते. ‘खिजगणतीत नसलेला’ म्हणा. आधीच्या दोन विश्वचषकांत मिळून आपण एकच सामना जिंकलेला, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. १९७९ला कसोटी दर्जा नसलेल्या श्रीलंकेकडूनही हरलो. सट्टेवाले ६६ला १ भाव देत होते.

टप्पा_आउट: सट्टेवाल्यांचं सोडा. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्बिसला आपण विंडीजला त्यांच्या घरी हरवलं होतं, गावसकर ९०, कपिल ७२. विश्वचषकातली पहिली मॅचही त्यांच्याविरुद्धच जिंकली. निदान लॉइडच्या तरी खिजगणतीत असणार.

हावडा_पूल: शब्दावर या. आपली द्विरुक्ती ‘बि’ने होते: चहाबिहा, पाणीबिणी. मग लिंबूबिंबू व्हायला हवं. माझ्या मते टिंबू आला टिंबावरून. टिंब म्हणजे शून्य, शून्य किमतीचा गडी. इथे कोलकात्यात अशा पोराला ‘दुधभात’ म्हणतात.

खडूस: मग लुटुपुटूतला पुटू कोण? यमक जुळलं की पोरं काहीही जोडतात. दुधभात मात्र झकास.

शुद्धमती: ज्या झिम्बाब्वेला तुम्ही लिंबूटिंबू म्हणता, त्यांनी त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाला १३ धावांनी हरवलं. फ्लेचर नाबाद ६९ आणि ४ बळी. आपल्यालाही १७ला ५ केलं होतं.

टप्पा_आउट: आणि मग कपिल नाबाद १७५! आमचे काका अजून शपथेवर सांगतात की ती खेळी त्यांनी टीव्हीवर पाहिली. तिचं चित्रणच नाही हे सांगितलं की जेवणावरून उठतात.

खडूस: आमचेही! एकाच टीव्हीवर पाहिली असणार.

अनुवादवाली: लेख उद्या द्यायचाय हो. बाबांनी आता ‘खिजगणती’खालीही रेघ मारलीय. गणती कळली, खिज म्हणजे काय, विचारताहेत.

कोकणपट्टी: उशिरा आले. आमच्याकडे ‘कच्चा लिंबू’ म्हणायचे.

शुद्धमती: कच्चं. लिंबू नपुंसकलिंगी आहे.

कोकणपट्टी: पण तो माझा भाऊ होता.