करिअर गायडन्स करताना स्वतःची गोष्ट सांगावी का?

सर_लातूरकर
नमस्कार मंडळी. मी नववी-दहावीला शिकवतो आणि करिअर गायडन्सचं काम पण माझ्याकडेच आहे. आवड-कल बघायच्या टेस्टचा रिपोर्ट हातात दिला की मुलं घडी घालून दप्तरात टाकतात, काय वाटतं विचारलं तर 'काही नाही सर'. पण मी माझं सांगायला लागलो, की घरचे डीएड कर म्हणायचे, मी हट्टाने बीएस्सी केलं वगैरे, की सगळा वर्ग कान देऊन ऐकतो. अडचण अशी की नंतर दोन-तीन मुलं येऊन म्हणतात आम्ही पण तुमच्यासारखंच करणार. हे बरोबर होतंय का? आधीच इथे निम्मा वर्ग शेजारचा करतो म्हणून नीटची (मेडिकलची प्रवेश परीक्षा) तयारी करायला निघालाय.

समुपदेशक_ताई
सर, तुमची गोष्ट पाच मिनिटांत संपवा आणि मग त्यांना बोलतं करा, खरं काम तिथे आहे. मार्क सॅविकस म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या मुलाखतीच्या पद्धतीत साधेच प्रश्न असतात. लहानपणी आईवडील सोडून कोण आवडायचं आणि त्यांच्यातलं नेमकं काय, कुठले कार्यक्रम आवडीने बघता, पुस्तकातली किंवा सिनेमातली आवडती गोष्ट कुठली, आवडतं वाक्य कुठलं, अगदी लहानपणीच्या आठवणी कुठल्या.
माझ्याकडे एक मुलगी आलेली, रिपोर्टवर एक शब्द बोलेना. कोण आवडायचं विचारल्यावर म्हणाली मावशी, ती डेअरीवर शेतकऱ्यांकडून दूध घेते. मावशीचं काय आवडायचं? तर म्हणे कुणी फॅट कमी का लागली म्हणून भांडायला आलं की मावशी आवाज चढवत नाही, त्याच्यासमोर परत सँपल लावते आणि आकडा दाखवते. हे सांगताना पोरगी खुर्चीत पुढे सरकून बसली होती! तिथून आम्ही लॅब, फूड टेस्टिंग, तुमच्याच जिल्ह्यातलं उदगीरचं डेअरी टेक्नॉलॉजी कॉलेज इथपर्यंत आलो. हे कुठल्या रिपोर्टात आलं नसतं.

पेठेतला_वाचक
ताईंशी सहमत, पण गोष्टींचा दुसरा परिणाम मी रोज बघतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीवाली कितीतरी मुलं कुणाचं तरी सत्काराचं भाषण ऐकून आलीयेत, पास झालेल्याला स्टेज मिळतं, पाच वर्षं देऊन गावी गेलेल्याला कोण बोलावतं? त्यामुळे सर, शाळेत असा पण माजी विद्यार्थी बोलवा ज्याने मधेच रस्ता बदलला, आणि त्याला फी किती, खोलीभाडं किती, घरून पैसे कसे यायचे हे सगळं स्पष्ट विचारा. आणि टेस्ट फेकून देऊ नका, नुसत्या गोष्टीवर ॲडमिशन घेणं पण धोक्याचं.

सर_लातूरकर
फार उपयोगी, आभार. वर्गात साठ मुलं आहेत, एकेकाशी बोलणार कधी?

समुपदेशक_ताई
आधी अर्धं पान लिहून घ्या, आवडणारा माणूस आणि त्याच्यातलं काय आवडतं एवढंच. मोठ्याने वाचायला लावू नका, घरच्या गोष्टी असतात त्यात. ज्यांची पानं कोरी येतील त्यांच्याशी आधी बोला. आणि पालकसभेत आईवडिलांना पण हाच प्रश्न द्या, बरेच बाबा लिहायला बसले की उठत नाहीत.